दुर्बीण किती ‘एक्स’ची ते विचारू नका, भिंग केवढं ते विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत एका वाचकाने विचारलं होतं की गावच्या घराच्या गच्चीवरून दिवसा डोंगर, समुद्र, पक्षी बघता येतील आणि रात्री चंद्र, शनी दिसेल अशी एकच दुर्बीण कोणती घ्यावी. प्रश्न एकदम रास्त आहे आणि उत्तर देता येण्यासारखा आहे. पण छापून आलेलं उत्तर असं होतं की बजेटमध्ये जेवढी जास्त मॅग्निफिकेशनची, म्हणजे जास्त पट मोठं दाखवणारी मिळेल तेवढी घ्या, ५०० एक्सच्या, म्हणजे पाचशे पटीच्या पुढची असेल तर उत्तमच. संपादक साहेब, हे उत्तर वाचून उद्या शंभर जण दुकानात जातील आणि नको ती वस्तू घेऊन येतील म्हणून हे पत्र लिहितोय, थोडं लांबलंय पण विषयच तसा आहे.

मी हर्णैला राहतो, दापोली तालुक्यात. आमच्या घरी पर्यटकांची राहायची सोय आहे, समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, एका बाजूला बंदर आणि होड्या, थंडीत किनाऱ्यावर कुरवांचे थवे, वरती समुद्र गरुड फिरत असतो, आणि रात्री शहराच्या मानाने आकाश चांगलं काळं. म्हणजे पुरवणीतल्या त्या वाचकाला जे हवंय ते सगळं इथे आहे, त्यामुळे मुंबई-पुण्याचे बरेच पाहुणे नवीन घेतलेली दुर्बीण गाडीत टाकूनच येतात. मोठा रंगीत बॉक्स, त्यावर शनीचा झकास फोटो, कोपऱ्यात ५२५ एक्स नाहीतर ६७५ एक्स. संध्याकाळी जोडाजोड होते, मुलं रांगेत उभी राहतात, बाबा किल्ला शोधत बसतात आणि किल्ला काही सापडत नाही, सापडला तर उलटा, आणि जरा हात लागला की गेला परत. रात्री चंद्र कसाबसा मिळतो, शनी मिळतच नाही आणि दुसऱ्या दिवशी दुर्बीण बॉक्समध्ये जाते ती परत बाहेर येत नाही. त्या मुलांचे पडलेले चेहरे मी बघितलेत, आणि चूक मुलांची नाही, बाबांचीही नाही, चूक त्या आकड्याची आहे.

तो ५२५ येतो कुठून ते आधी सांगतो. मॅग्निफिकेशन काढायचं म्हणजे दुर्बिणीच्या फोकल लेंथला (भिंगापासून प्रतिमा जमते तिथपर्यंतचं अंतर) आयपीसच्या, म्हणजे डोळ्याकडच्या छोट्या बदलत्या भिंगाच्या फोकल लेंथने भागायचं, बास. ७०० एमएमची दुर्बीण आणि ४ एमएमचा आयपीस म्हणजे १७५ एक्स, त्यात मध्ये ३ एक्सची बार्लो लेन्स, म्हणजे तिप्पट करणारं जास्तीचं भिंग घातलं की झाले ५२५. गणित बरोबर आहे पण दिसत काही नाही. कारण दुर्बिणीचं पुढचं भिंग ६० एमएमचं असेल तर त्याचा उपयोगी पडणारा मॅग्निफिकेशन साधारण दुप्पट, म्हणजे १२० एक्सपर्यंतच, तेही हवा शांत असेल तर. त्यापुढे जेवढं वाढवाल तेवढी प्रतिमा मोठी होते आणि अंधारी, धुरकट होत जाते, डाळ तेवढीच ठेवून वरणात पाणी ओतत राहिल्यासारखं. भिंगात जेवढा उजेड आणि जेवढा तपशील शिरला तेवढाच तुम्हाला वाटायला मिळणार.

आपल्याच महाराष्ट्रातलं बघा ना. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेची जी दुर्बीण घोडेगावजवळ गिरवलीला आहे तिला सगळे २ मीटरची दुर्बीण म्हणतात. बाहेर तमिळनाडूत कवलूरला खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पूंच्या नावाची आहे ती २.३४ मीटरची, उत्तराखंडात देवस्थळला ३.६ मीटरची. ही सगळी मापं आरशाच्या व्यासाची आहेत. शास्त्रज्ञ ज्या वस्तूने आयुष्यभर काम करतात ती किती एक्सची हे कुणी विचारतसुद्धा नाही, मग आपण हजारो रुपये घालताना तोच आकडा का बघावा? उजेड गोळा होतो तो भिंगाच्या क्षेत्रफळावर, त्यामुळे ५० एमएमचं ७० एमएम झालं की उजेड जवळजवळ दुप्पट होतो. आपल्या डोळ्याची बाहुली अंधारात फारतर ७ एमएम उघडते, त्या हिशोबाने ७० एमएमचं साधं भिंग डोळ्याच्या शंभरपट उजेड गोळा करतं. हा शंभरचा आकडा बॉक्सवर छापला तर मी म्हणेन खरा आकडा छापला.

आता दुसरी गोष्ट, जी निव्वळ आकाश बघणाऱ्याला नडत नाही पण देखावा बघणाऱ्याला फार नडते, ती म्हणजे उलटं दिसणं. गॅलिलिओने ऑगस्ट १६०९ मध्ये व्हेनिसच्या मोठमोठ्या लोकांना सेंट मार्कच्या मनोऱ्यावर नेऊन दुर्बिणीतून लांबची जहाजं दाखवली होती, ती आठ-नऊपट मोठं दाखवणारी दुर्बीण होती, आणि पुढच्या जानेवारीत साधारण वीसपटीच्या दुर्बिणीने त्याला गुरूचे चंद्र दिसले. म्हणजे देखावा आणि आकाश दोन्ही एकाच जातीच्या दुर्बिणीने बघण्याची हौस पहिल्या दिवसापासूनची आहे. त्याच्या दुर्बिणीत डोळ्याकडचं भिंग अंतर्गोल होतं म्हणून चित्र सुलटं यायचं, पण दिसायचा भाग अगदी चिंचोळा. १६११ मध्ये केप्लरने तिथे बहिर्गोल भिंग सुचवलं, भाग मोठा दिसायला लागला पण चित्र उलटं झालं. चंद्राला वर-खाली नसतं म्हणून आकाशवाल्यांनी ते चालवून घेतलं आणि आजच्या खगोल दुर्बिणी बहुतेक त्याच पद्धतीच्या आहेत. सुवर्णदुर्गाला मात्र वर-खाली आहे.

त्यामुळे दोन्ही कामांसाठी घेताना न्यूटोनियन रिफ्लेक्टर, म्हणजे ज्यात मागे आरसा असतो आणि डोळा नळीच्या बाजूला वरती लावायचा असतो, ती सोडून द्या. निव्वळ आकाशासाठी ती फार चांगली आहे, त्यातही डॉब्सोनियन स्टँडवरची, म्हणजे जमिनीवर ठेवायच्या साध्या फिरत्या बैठकीवरची तर त्याच पैशात सगळ्यात मोठा आरसा देते, मला ती मनापासून आवडते. पण तिच्यातून किल्ला उलटा दिसतो आणि तो सुलटा करायला जी जोडणी करावी लागते ती त्रासाची असते. रिफ्रॅक्टर म्हणजे पुढे भिंग आणि मागे डोळा लावायचा, सरळ लांब नळी. हिच्यासोबत बऱ्याचदा ९० अंशाचा आरशाचा डायगोनल, म्हणजे आयपीसच्या आधी लावायचा वाकडा जोड येतो, त्यातून वर-खाली बरोबर पण डावं-उजवं उलट दिसतं. आमच्या बंदरात होड्यांवर नावं रंगवलेली असतात, ती त्या डायगोनलमधून आरशातल्यासारखी दिसतात, वाचताच येत नाहीत. म्हणून दुकानात शब्द नीट सांगा, ४५ अंशाचा सुलटं दाखवणारा प्रिझम द्या, इरेक्ट इमेज प्रिझम. तो लावला की नाव वाचता येतं, पक्षी ज्या दिशेला उडतो त्याच दिशेला दुर्बीण फिरवता येते. रात्री या प्रिझममुळे शुक्र किंवा गुरूसारख्या झगझगीत ग्रहावर कधीकधी उजेडाची एक रेघ येते आणि आकाश डोक्यावर असेल तर मान अवघडते, तर ज्याला परवडेल त्याने ९० अंशाचा दुसरा डायगोनल रात्रीसाठी ठेवावा.

मग घ्यायचं काय? माझं प्रामाणिक मत, घरात पहिलीच दुर्बीण येत असेल तर १०×५० चा, म्हणजे दहापट मोठं दाखवणारा, ५० एमएम भिंगांचा बायनोक्युलर घ्या. लोकांना हे ऐकून कमीपणा वाटतो, त्यांना तीन पायांवर उभी राहिलेली नळी हवी असते. पण दोन्ही डोळ्यांनी, सुलटं, मोठ्या भागाचं चित्र दिसतं आणि शोधायची कटकट नाही, मुलाच्या हातात दिलं की त्याला दिसतं. दिवसा किल्ल्याचे बुरूज, होडीवरची माणसं, गरुडाचं घरटं. रात्री चंद्रावरची मोठी विवरं, हात कशावर तरी टेकवून स्थिर धरला तर गुरूचे चारही चंद्र, पूर्ण कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, काळ्या आकाशात देवयानीची दीर्घिका. आणि एप्रिल-मेमध्ये दक्षिणेला नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा ताऱ्यांचा मोठा गोळा, जो युरोपातल्या बहुतेक लोकांच्या क्षितिजावर कधी येतच नाही, तो आपल्या कोकणातून साध्या बायनोक्युलरमध्ये धुरकट गोळ्यासारखा दिसतो, हे किती जणांना माहीत आहे? शनीची कडी मात्र १० एक्समध्ये दिसत नाहीत, त्याला किमान पंचवीस-तीस एक्स लागतात.

कडी बघायचीच आहेत तर पुढची पायरी ७० किंवा ८० एमएमची आखूड रिफ्रॅक्टर. उदाहरणार्थ ७० एमएम भिंग आणि ४०० एमएम फोकल लेंथ, २० एमएमच्या आयपीसने २० एक्स आणि १० एमएमच्याने ४०. वीसला कृत्तिका पूर्ण मावतात, दिवसा किल्ला आणि त्याच्या आजूबाजूचा समुद्रही मावतो. चाळीसला शनी कड्यांसकट छोटासा पण स्पष्ट, शुक्राची कोर, चंद्रावर सावल्यांची गर्दी. आणखी एखादा ५ एमएमचा बरा आयपीस पुढे घेतला तर ८० एक्स, आणि सप्तर्षीतला वसिष्ठ स्वतःच दोन ताऱ्यांचा आहे ते दिसतं, अरुंधती वेगळी, ती नुसत्या डोळ्यांनी दिसतेच. आयपीस सव्वा इंची बसतात का ते विचारून घ्या. जुन्या आणि खेळण्यातल्या दुर्बिणींना त्याहून बारीक, ०.९६५ इंची बसतात आणि त्यात पुढे चांगला आयपीस मिळणं कठीण.

पक्ष्यांचं वेड जास्त आणि आकाश कधीमधी असं असेल तर स्पॉटिंग स्कोप, म्हणजे पक्षी बघणारे वापरतात ती एका डोळ्याची आटोपशीर दुर्बीण, २०-६०×८० मधला (२० ते ६० एक्स, ८० एमएम भिंग). चित्र आतूनच सुलटं असतं आणि पावसाळी हवेसाठी बऱ्याच मॉडेलना सील केलेलं असतं. फक्त डोळा लावायची जागा तिरकी, ४५ अंशातली असलेलाच घ्या, सरळवाल्यातून वरचं आकाश बघायला जमिनीवर झोपावं लागेल. आणखी एक प्रकार मॅकस्युटोव्ह, भिंग आणि आरसा दोन्ही वापरणारी, तिच्यात ९० एमएम व्यास आणि १२५० एमएम फोकल लेंथ एवढ्याशा डब्यात बसवलेली असते. चंद्र आणि ग्रह सुरेख दाखवते, लांबची एकच वस्तू, समजा दीपगृह, सुरेख दाखवते, पण ३२ एमएमच्या आयपीसनेसुद्धा ३९ एक्स होतात म्हणजे रुंद देखावा विसरायचा. नवख्याला मी ती सांगणार नाही.

शनीवरून आठवलं, २०२५ मध्ये कडी आपल्याला अगदी कडेने दिसत होती, एक बारीक रेघ नाहीतर तीही नाही, दर पंधरा-एक वर्षांनी असं होतं. ज्यांनी त्या वर्षी दुर्बीण घेतली आणि शनी बघून नाराज झाले त्यांनी परत बघावा, आता दरवर्षी कडी थोडी थोडी उघडत जाणार आहेत. आणि चंद्र बघायला पौर्णिमा धरू नका, पौर्णिमेला सावल्या नसतात म्हणून तो सपाट दिसतो, शुक्ल चतुर्थी ते अष्टमीचा चंद्र बघा.

स्टँडबद्दल कुणीच बोलत नाही. जे ४० एक्सने चित्र मोठं होतं त्या ४० एक्सने हादरासुद्धा मोठा होतो, आणि आमच्याकडे वारा कायम. स्वस्त दुर्बिणीसोबत येणारे ॲल्युमिनियमचे बारीक पाय म्हणजे चांगल्या भिंगाची माती. दुकानात दुर्बीण स्टँडवर लावून नळीला बोटाने हलकं टिचकी मारून बघा, दोन-तीन सेकंदात चित्र स्थिर झालं तर ठीक, नाहीतर पैसे वाया. व्हिडिओ शूटिंगला वापरतात तसा जड ट्रायपॉड, मधला खांब खाली बसवून आणि मध्ये पिशवी अडकवून वापरला तर उत्तम. इक्वेटोरियल माउंट, तो तिरका, खाली वजन लटकवलेला, दोन्ही कामांसाठी अजिबात नको. तो ध्रुवताऱ्याकडे रोखायचा असतो, आपल्याकडे कोकणात ध्रुवतारा जेमतेम १७-१८ अंश वर, एवढ्या खाली झुकवला की काही माउंटचं वजन पायाला अडतं, आणि दिवसा किल्ल्याच्या तटावरून दुर्बीण सरळ आडवी फिरवायची म्हटली तर ती तिरकीच फिरते. साधा वर-खाली, डावं-उजवं फिरणारा स्टँड घ्या.

दिवसा ४०-५० एक्सच्या वर जाऊ नका हेही सांगून ठेवतो. वाळू आणि पाणी तापलं की हवा थरथरते आणि ६० एक्सला लांबची बोट पाण्यात विरघळल्यासारखी हलते, मग लोक म्हणतात फोकस खराब आहे. दुर्बीण कितीही महागाची आणा, दुपारी हेच होणार. सकाळी लवकर बघा, पावसाची सर पडून गेल्यावर बघा, डोंगरावरची झाडं मोजता येतील.

आता सगळ्यात गंभीर. जी दुर्बीण दिवसा बाहेर काढली जाते ती सूर्याकडे वळण्याचा धोका रात्रीच्या दुर्बिणीपेक्षा कितीतरी जास्त. आमच्या किनाऱ्यावर सूर्य समुद्रात बुडतो आणि दुर्बीण समोरच लावलेली असते, महाबळेश्वर-माथेरानच्या सनसेट पॉइंटवर तेच. लाल झालेला, मऊ दिसणारा मावळता सूर्यसुद्धा दुर्बिणीतून बघायचा नाही, एक क्षणही नाही. डोळ्याच्या पडद्याला दुखणं कळत नाही, म्हणजे जळताना मूल ओरडणारसुद्धा नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. काही स्वस्त दुर्बिणींसोबत आयपीसवर बसवायची काळी काच येते, सन फिल्टर म्हणून, ती उष्णतेने तडकू शकते, ती घरात ठेवूच नका, आजच कचऱ्यात टाका. ग्रहणाचे चष्मे दुर्बिणीच्या मागे लावून बघणंही तेवढंच घातक. सूर्य बघायचा तर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर घट्ट बसणारा खास सौर फिल्टरच, तोही जाणत्या माणसासोबत, आणि फाइंडरला, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीला झाकण. गच्चीवर दिवसा दुर्बीण उघडी सोडून जेवायला जाऊ नका. आपल्या पुरवणीतल्या उत्तरात यातलं एक अक्षरही नव्हतं आणि मला खरा राग त्याचा आला.

कोकणातल्या आणि एकूणच पावसाळी भागातल्या लोकांसाठी, जून ते सप्टेंबर आकाश मिळत नाही पण बुरशी मिळते. भिंगाच्या आत एकदा जाळं धरलं की घरी निघत नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, पुड्या अधूनमधून वाळवा, कपाटात कापडी पिशवीत अजिबात नको. खाऱ्या हवेत उघड्या नळीच्या आरशाची चकाकी लवकर जाते, बंद नळीची रिफ्रॅक्टर बरी म्हणायचं हेही एक कारण.

शहरातल्यांनी आकाश नाही म्हणून नाउमेद होऊ नये, चंद्र, गुरू, शनी पुण्याच्या बाल्कनीतूनही तेवढेच चांगले दिसतात, अडतं ते तेजोमेघ आणि दीर्घिकांना. त्यासाठी अंधार लागतो, आणि त्या अंधाराची किंमत आपल्याच राज्यात पेंचने ओळखली, जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्प देशातला पहिला डार्क स्काय पार्क झाला. आमच्याकडे मात्र किनाऱ्यावर हॉटेलांचे फ्लडलाइट वाढत चाललेत, तो विषय वेगळा आहे, त्यावर परत लिहीन.

आपल्याला विनंती अशी की दुर्बिणींबद्दल छापताना भिंगाचा व्यास आधी छापा, चित्र सुलटं दिसतं की उलटं ते छापा, आणि सूर्याचा इशारा प्रत्येक वेळी चौकटीत छापा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईत खगोल मंडळ आहे, त्यांचे वांगणीला रात्रभराचे कार्यक्रम होतात, अशा आकाशदर्शनाच्या तारखा आपण नियमित दिल्यात तर लोक घेण्याआधी वेगवेगळ्या दुर्बिणींतून बघून येतील, तिथले लोक आनंदाने दाखवतात.

आणि शाळांना दुर्बीण भेट देणाऱ्या दानशूर मंडळींसाठी दोन शब्द. मोठी, इक्वेटोरियल स्टँडची रिफ्लेक्टर दिली जाते, फोटो निघतो, आणि ती जोडायची कशी हे माहीत असलेला शिक्षक बदलून गेला की कपाटात बंद. शाळा तर भरते दिवसा. त्याच पैशात १०×५० चे तीन-चार बायनोक्युलर, एक भक्कम ट्रायपॉड आणि त्यावर बायनोक्युलर बसवायचा अडॅप्टर येऊ शकतो, मुलं दुपारच्या सुट्टीत वडावरचे पक्षी बघतील आणि संध्याकाळी घरी जायच्या आधी चतुर्थीचा चंद्र. कुणाला आमच्या भागातल्या शाळांना असं काही द्यायचं असेल तर बायनोक्युलर आणि ट्रायपॉड मुलांना वापरायला शिकवायला मी येईन, पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिलेला आहे.

आपला एक नियमित वाचक,
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी